रविवारचं घर

श्रीपादराव भोपाळला वारल्याचं कान्होजींना कळलं तेव्हा माघ संपत आला होता. ग्वाल्हेरची दफ्तरं भोपाळला हलून तीन महिनेही झाले नव्हते. गोरखी वाड्याच्या आसपासची कितीतरी घरं त्या हिवाळ्यात रिकामी झाली. ज्यांची नोकरी सरकारात, त्यांनी बिऱ्हाड उचललं आणि गेले. श्रीपादरावही असेच गेले, आणि नव्या गावातल्या थंडीत निमोनियानं त्यांना उचललं.

कान्होजींना त्यानंतर घरात बसवेना. ते दरबारच्या रिसाल्यातले. संस्थान विलीन झालं, फौज मोडली, आणि चाळिशीतच त्यांच्या अंगावरची वर्दी उतरली. त्या रिकाम्या दिवसांत त्यांना धरून राहिला तो एकटा श्रीपाद. एक मराठा, एक देशस्थ ब्राह्मण. एकाच्या घरी मासळी शिजायची, दुसऱ्याच्या घरी तिचं नावही घेत नसत. पण श्रीपादरावांना गळ टाकण्याचा नाद असा जडला होता की विचारू नका. फाल्गुन-चैत्रात, पाणी उतरायला लागलं की, रविवारी पहाटे दोघं टांग्यानं तिघऱ्याच्या तलावावर जायचे. श्रीपादराव मासा धरायचे, ओल्या हातानं गळ सोडवायचे आणि परत पाण्यात सोडून द्यायचे. त्यांचे वडील देवळातले पुजारी. घरी कळलं तर आई अन्न सोडेल, अशी त्यांना धास्ती. आई गेली तरी ती धास्ती काही गेली नाही. कुणाला सांगायचं नाही, असं त्यांनी कान्होजींकडून वचनच घेतलं होतं.

फाल्गुनाच्या अखेरीस एका दुपारी दुर्गाबाई, श्रीपादरावांच्या पत्नी, जयेंद्रगंजात कान्होजींच्या दारी आल्या. इथलं भाड्याचं घर रिकामं करून द्यायला त्या भोपाळहून आल्या होत्या. कान्होजींच्या पत्नी सुलोचनाबाईंनी पाट मांडला, पाणी दिलं. दुर्गाबाईंनी पाण्याला हात लावला नाही.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "मला त्या बाईचं घर दाखवा."

कान्होजींना काही उमगेना. "कुठल्या बाईचं, वहिनी?"

"रविवारच्या. मी भांडायला नाही आले. ते गेले, आता कुणाशी भांडू? एकदा बघायचंय फक्त."

मग त्या हळूहळू सांगू लागल्या. दर वसंतात हे रविवारी अंधारात निघायचे, कुठे ते सांगायचे नाहीत. दुपारी परतायचे ते अंगाला हिन्याचं अत्तर लावून. घरात कधी अत्तर आणलेलं नाही. पहिल्या वर्षी वाटलं, विचारावं. मग वाटलं, विचारलं आणि खरंच निघालं तर? त्या बोलेनाशाच झाल्या. जेवायला वाढायचं, कपडे काढून ठेवायचे, एवढंच. सात-आठ वर्षं संसार असा मुक्यानंच झाला.

सुलोचनाबाई स्वैपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. "अगंबाई, अत्तर आमच्या घरचं हो. मीच द्यायची. हाताचा वास लपावा म्हणून."

"कसला वास?"

आता वचन पाळण्यात अर्थ नव्हता. कान्होजींनी सगळं सांगितलं. दुर्गाबाईंनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. पुरुष एकमेकांना सांभाळून घेतात, त्यांच्या बायकाही त्यांना सामील होतात, एवढंच त्या म्हणाल्या. माझा नवरा आणि मासे! दुधात मुंगी पडली तरी काढून तुळशीपाशी ठेवणारा माणूस.

कान्होजी म्हणाले, उद्या या. तलाव दाखवतो.

दुसऱ्या दिवशी तिघंही टांग्यानं निघाले. दिवस वाईट होता. पश्चिमेचा वारा सुटला होता, पाण्यावर धूळ उडत होती. तलाव खूप उतरला होता. काठाशी भेगाळलेला चिखल आणि त्यापुढे मातकट, हलतं पाणी. असल्या पाण्यात मासा तळ धरून राहतो. वारा पडला, उन्हानं दगड तापले, की मग रोहू उथळावर येतो आणि पाण्यावर बारीक बुडबुडे दिसतात. कान्होजींना हे ठाऊक होतं, तरी त्यांनी कणकेची गोळी लावून गळ टाकला. एखादा मासा निघाला तर वहिनींना पटेल, असं त्यांना उगाच वाटत होतं. गळाच्या दोरीला बांधलेली मोरपिसाची काडी लाटांवर नाचत राहिली. एकदाही बुडाली नाही.

दुर्गाबाई दगडावर ताठ बसून होत्या. ऊन चढलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू, ती बाई खरीच होती, अशी खात्री उमटू लागली. कान्होजींनी गळ गुंडाळला. आता त्यांच्यापाशी दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात बांधावरून तलावाचा म्हातारा चौकीदार आला. त्यानं कान्होजींना रामराम केला, बायकांकडे पाहिलं आणि विचारलं, "पंडितजी नहीं आए इस बार?"

कान्होजींनी त्याला सांगितलं. म्हातारा मटकन खाली बसला. मग आपणहून बोलू लागला. अजब माणूस होते, म्हणाला. मासा पकडायचे आणि सोडायचे. आम्ही हसायचो. म्हणायचे, मला मासा नको, त्याची ओढ हवी. घरचं बोलायचे कधीकधी.

"काय बोलायचे?" दुर्गाबाईंनी विचारलं. ही त्यांची घरवाली, हे म्हाताऱ्याला माहीत नव्हतं.

"कहते थे, घरवाली बात नहीं करती. न जाने किस बात पर रूठी है. पूछने की हिम्मत नहीं होती."

सुलोचनाबाईंनी पदर तोंडाला लावला. दुर्गाबाई रडल्या नाहीत. त्या उठल्या, चिखलापर्यंत गेल्या आणि पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या. वाऱ्यानं पदर उडत होता, तो त्यांनी सावरलाही नाही. कान्होजी जवळ गेले.

"बाई असती तर बरं होतं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "निदान तिच्याकडे बोट दाखवता आलं असतं."

परतल्यावर सुलोचनाबाईंनी दुर्गाबाईंना जेवायला थांबवलं, पण त्या दोन घास खाऊन उठल्या. त्या रात्री कान्होजींनाही झोप लागली नाही. मित्र उदास असतो हे त्यांना दिसत होतं. एकदा तरी वहिनींशी बोलावं, असं मनात आलंही होतं. दुसऱ्याच्या घरात कशाला डोकवा म्हणून ते गप्प राहिले होते.

दोन दिवसांनी घर रिकामं करून दुर्गाबाई निघाल्या. कान्होजी स्टेशनवर पोचवायला गेले. गाडीला वेळ होता. फलाटावर भोपाळला निघालेल्यांच्या ट्रंका, वळकट्या, पितळी हंडे पसरले होते. दुर्गाबाई आपल्या बोचक्यावर बसून होत्या. आमच्या मुलाला यातलं काही सांगू नका, एवढं त्यांनी मागितलं. कान्होजींनी होकार दिला.

"भोपाळला केवढा मोठा तलाव आहे," त्या मध्येच म्हणाल्या. "आमच्या खिडकीतून दिसतो. आजारी पडायच्या आधी ते तासन्‌तास तिथं उभे असायचे. मला वाटायचं, इकडची आठवण काढताहेत. तिची."

दुर्गाबाईंनी बोचक्याची गाठ आवळली.

"मी जाऊन खिडकी लावून घ्यायची. ते काही म्हणायचे नाहीत. आत येऊन बसायचे."

गाडी आली. कान्होजींनी बोचकं आत चढवलं, जागा करून दिली आणि खाली उतरले. दुर्गाबाईंनी हात जोडले.