तोंडपाठ माप

सोलापूरच्या एका महाविद्यालयात १९६६ ते १९७४ या नऊ वर्षांत सात शिपायांना दरवर्षी एकेक खाकी गणवेश शिवून मिळाला. कापड एकाच ताग्यातले असे. शिंपी एकच होता. मापे एकाच दिवशी, एकाच दुकानात घेतली जात. सहा जणांचे गणवेश दरवर्षी अंगाला बसत. सातव्याचा नऊ वर्षांत एकदाही बसला नाही.

सातवा म्हणजे ज्ञानबा, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला परिचर. त्याच्या सदऱ्याचे खांदे दंडावर उतरत आणि विजार कमरेला करकचून आवळावी लागे. शिपायांच्या खोलीत यावरचे विनोद ठरलेले होते. "ज्ञानबा, सदऱ्यात आणखी कोण ऱ्हातंय रं? भाडं तरी घेतोस का न्हाई?" हा त्यांपैकी सभ्य विनोद. ज्ञानबाही हसे आणि म्हणे, "माझं अंगच बेढब हाय. त्याला शिंपी काय करणार?" नऊ वर्षे हे वाक्य म्हणत राहिल्यामुळे त्याला ते खरे वाटू लागले होते.

शिंपी ईश्वरप्पा याच्याविरुद्ध मात्र तो एक शब्दही ऐकून घेत नसे. ईश्वरप्पा कॉलेजसमोरच्या हॉटेलात त्याच्याच बाकावर बसून चहा पीत असे, त्याच्या पोरांची नावानिशी चौकशी करी. मापाच्या दिवशी बाकीच्या सहा जणांना टेप लावून झाली की तो ज्ञानबाकडे पाहून हसे आणि म्हणे, "तुला कशाला रं टेप? तुझं माप मला तोंडपाठ हाय की!" ज्या गावातून ज्ञानबा आला होता, तिथल्या शिंप्याने त्याच्या बापाला दुकानाची पायरीही चढू दिली नव्हती. म्हणून ईश्वरप्पाचे हे वाक्य तो घरी जाऊन बायकोला सांगे. दरवर्षी सांगे.

१९७४च्या ऑगस्टमध्ये प्रात्यक्षिकाचा तास चालू असताना ज्ञानबा एक स्टँड उचलून ठेवत होता. लोंबणारी बाही स्टँडच्या स्क्रूत अडकली आणि त्यावर बसवलेली तीन फुटी काचनळी फरशीवर पडून फुटली. जूनपासूनची ही दुसरी. प्राचार्यांनी विभागप्रमुख प्राध्यापक हिंदुराव यांना बोलावून सांगितले, "हा माणूस काचेच्या कामाचा नाही. त्याला फाटकावर पाठवू. सोमवारपर्यंत तुमचा लेखी अहवाल द्या, कारणासहित."

हिंदुराव मोडनिंबकडच्या शेतकरी घरातले, घरातले पहिले पदवीधर. कोणतेही कारण सिद्ध झाल्याखेरीज ते मान डोलावत नसत. ज्ञानबाचा कान त्यांना ठाऊक होता. ट्यूनिंग फोर्कवरचा कंपनसंख्येचा आकडा न वाचता, नुसता फोर्क वाजवून, तो पाचशे बाराचा की चारशे ऐंशीचा हे ज्ञानबा सांगत असे आणि कधी चुकत नसे.

"सर, फाटकावर बसून मी काय ऐकू?" बदलीचे कळल्यावर ज्ञानबा एवढेच म्हणाला.

हिंदुरावांनी कपाटातली फीत काढली. "उभे राहा. हात खाली सोडा."

ज्ञानबा गोंधळला, पण उभा राहिला. हिंदुरावांनी प्रत्येक माप तीनदा घेतले. छाती पावणेसदतीस इंच. खांदा सव्वासोळा. बाही साडेबावीस. दोन्ही हात सारखे, दोन्ही खांदे एका पातळीत. मग त्यांनी अंगातला सदरा काढायला लावून तो टेबलावर पसरला. त्याची बाही पंचवीस इंच भरली, खांदा अठरा.

"ज्ञानबा, तुमच्या अंगात काहीही बेढब नाही. इतके सरळ माप माझेसुद्धा नाही."

"मग सदरा असा का व्हतो, सर?"

"ते शिंप्याला विचारू."

दोघे चालत दुकानात गेले. ईश्वरप्पा मशीनवरून उठला. "या सर, या! ज्ञानबा, तू बी ये की, असा दारात का?" गळ्यातली टेप सावरत त्याने स्टूल पुढे केले. गणवेशाच्या मापांची वही मागितल्यावर त्याने ती अभिमानाने काढून दिली. नऊ वर्षांची मापे, प्रत्येक माणसाला एक पान. लिहिणाऱ्याचा हात नेटका होता. आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण.

हिंदुरावांनी पाने शांतपणे उलटली. फाटकावरच्या बिरप्पाची कंबर साडेबत्तीसवरून सव्वातेहतीस, मग पावणेपस्तीस अशी वाढत गेली होती. ग्रंथालयातल्या रेवणसिद्धची छाती एका वर्षी पाऊण इंचाने उतरली होती. प्रत्येक पानावर रेघाच रेघा होत्या. माणसाचे अंग पूर्ण आकड्यात बसत नाही, आणि दोन वर्षे ते सारखेही राहत नाही. सहा पाने ही गोष्ट प्रामाणिकपणे सांगत होती.

सातवे पान त्यांनी दोनदा पाहिले. छाती चाळीस. खांदा अठरा. बाही पंचवीस. कंबर चौतीस. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. संपूर्ण पानावर एकही रेघ नव्हती.

"ज्ञानबा, तुम्हांला टायफॉइड कधी झाला होता?"

"सत्तर साली, सर. दोन महिने आंथरुणावर व्हतो. निस्ती हाडं ऱ्हायली व्हती."

"सत्तर साली छाती चाळीस," हिंदुरावांनी वाचून दाखवले. मग त्यांनी वही मिटली. "ईश्वरप्पा, मोजलेल्या आकड्याला पाव-अर्धा येतो. अंदाजाच्या आकड्याला येत नाही. या माणसाला तुम्ही टेप कधी लावली?"

"त्याचं माप मला तोंडपाठ..."

"कधी लावली?"

मशीनच्या चाकावर ठेवलेला ईश्वरप्पाचा हात तसाच राहिला. ज्ञानबाने दोघांकडे पाहिले. मग तो दुकानाच्या मधोमध आला आणि मापाला उभे राहतात तसे त्याने दोन्ही हात पसरले.

"अप्पा, आता लावा की टेप."

ईश्वरप्पा जागचा हलला नाही.

"लावा की! वळखीचं माप हाय न्हवं?"

"तसं न्हाई रं," ईश्वरप्पा खाली बघत म्हणाला. "माझ्या मनात काय न्हाई, आईशप्पत. पण हीच टेप पुन्ना दुसऱ्याच्या गळ्याला लावायची असती. गिऱ्हाइकं बघत्यात."

"हाटेलात शेजारी बसून च्या पिताना बघत नव्हती व्हय गिऱ्हाइकं?"

"तितं कप धुत्यात," ईश्वरप्पा बोलून गेला. "टेप कशी धुणार?"

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आले! परंतु शब्द सुटला होता. ज्ञानबाचे पसरलेले हात हळूहळू खाली आले. ज्या वाक्याला तो नऊ वर्षे मैत्री समजत होता, त्या वाक्याने त्याला नऊ वर्षे हातभर दूर उभे केले होते! गावच्या शिंप्याने बापाला निदान तोंडावर सांगितले होते.

हिंदुराव ज्ञानबाला घरापर्यंत पोचवायला गेले. बायको मुक्ताबाई दारात विड्या वळत बसली होती. तिच्या उजव्या हाताला भाजल्याचा व्रण होता. सगळे ऐकून तिचा हात थांबला नाही, की तिला नवलही वाटले नाही. ज्ञानबा तिच्याकडे बघतच राहिला.

"तुला ठावं व्हतं?"

"पयल्याच वर्षी. दर साली बाह्या मीच आत दुमडून टाचती. आवंदा हात भाजला म्हणून ऱ्हायल्या, आन काच फुटली. टेप लावून शिवल्यालं कापड असं नसतं, येवडं मला कळतंय की."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी घरी येऊन सांगायचा, अप्पाला माझं माप तोंडपाठ हाय. तवा तुमचं त्वांड बघून मला बोलवायचं न्हाई."

हिंदुरावांनी मध्ये बोलण्याचा प्रयत्न केला. "मुक्ताबाई, मला याची कल्पना असती तर..."

"कल्पना कशाला पायजे, सर? सदऱ्याचे खांदे तुमच्या डोळ्यांम्होरं दंडावर उतरत व्हते. नऊ वर्षं. तुमी लई बारीक मोजता म्हणं, केसाची जाडीसुदिक. मग हे का न्हाई मोजलं?" तिने सुपातली विडी उचलून बाजूला ठेवली. "काच फुटली तवा तुमी फीत काढली. माणूस रोज अवघडत व्हता तवा न्हाई. गावातली माणसं तोंडावर म्हणायची, लांब हो. हितली हसून म्हणत्यात. दोन्हींत अंतर तेवडंच ऱ्हातंय, फकस्त हसणाऱ्याशी भांडता येत न्हाई."

युक्तिवादात दोष शोधण्याची हिंदुरावांना सवय होती आणि या युक्तिवादात त्यांना दोष सापडला नाही. निरीक्षणासाठी पगार घेणाऱ्या माणसाने आपल्या समोरचे निरीक्षण नऊ वर्षे नोंदवले नव्हते. ही त्यांचीच चूक होती आणि ती त्यांनी तिथेच, दोघांसमोर, कबूल केली.

सोमवारी सकाळी ईश्वरप्पा स्वतः प्रयोगशाळेच्या दारात आला. दोन दिवसांत त्याचा चेहरा उतरला होता. बिरप्पा आणि रेवणसिद्ध काय झाले म्हणून मागोमाग आले.

"वही उघडली की तुझंच पान निघतंय," तो ज्ञानबाला म्हणाला. "सगळ्या वहीत येवडं खोटं दुसरं काय न्हाई. मी कारागीर हाय म्हणून मिरवतो, आन... चुकलो, ज्ञानबा. हात पसर." मग स्वतःच दुरुस्त करत म्हणाला, "पसरा."

सर्वांसमोर त्याने ज्ञानबाच्या छातीभोवती टेप फिरवली. "पावणेसदतीस," तो म्हणाला आणि वहीत आकड्यापुढे तीन रेघा ओढल्या. मग तीच टेप त्याने आपल्या गळ्यात घातली.

"चला की, च्या घिऊ," तो बाहेर पडताना म्हणाला.

"माप बरोबर आलं, अप्पा. त्याबद्दल बरं वाटलं," ज्ञानबा म्हणाला. "च्याचं मातर आज राहू द्या. वाक्य ऐकून खूश व्हायची सवय मोडायला मला जरा येळ लागंल."

वाचकहो, घटनेने अस्पृश्यता रद्द करून तेव्हा चोवीस वर्षे झाली होती, आणि विचारले असते तर ती कायम ठेवावी असे या गोष्टीतला कोणीही म्हणाला नसता. ती त्यांच्या मतांत नव्हती. ती एका न लावलेल्या टेपमध्ये होती. म्हणून आपण काय मानतो हे स्वतःला विचारून भागत नाही. आपला हात कुठे थांबतो, हे पाहावे लागते. आणि दुसऱ्याचा हात थांबलेला दिसला तर काच फुटण्याची वाट न पाहता बोलावे लागते.

हिंदुरावांनी त्याच दुपारी प्राचार्यांना अहवाल दिला. ज्ञानबाला प्रयोगशाळेतून हलवू नये, अशी शिफारस त्यांनी पहिल्या ओळीत केली. प्राचार्यांनी ती वाचली, पुढचा मजकूर दोनदा वाचला आणि खाली सही केली. तो मजकूर असा होता:

"काचनळी फुटण्याचे कारण: परिचराच्या सदऱ्याची बाही अडीच इंच जास्त लांब होती. ती लांब होती, कारण शिंप्याने त्याचे माप कधीही घेतले नाही. माप घेतले नाही, कारण शिंपी त्याला स्पर्श करण्यास तयार नव्हता. विभागप्रमुख या नात्याने मी हे नऊ वर्षे पाहिले आणि तपासले नाही. परिचराचा दोष आढळला नाही."