सोनाबाईच्या हाताचं पाणी

“या पान्याचा चहासुद्धा काळा होतो मेला, आन् यात म्हनं देवी बोलते,” मागची बाई इंदूबाईच्या कानाशी पुटपुटली. “घरी भाकऱ्या टाकायच्या राहिल्या, इथं हात बुडवायला उभं केलंय.”

“गप गं,” इंदूबाई म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. नातीचं, चिमीचं, तेरावं कालच झालं होतं, आणि हे सगळं तिच्याच नावानं चाललं होतं.

डोंगराखालच्या नव्या हापशापाशी सगळं गाव लोटलं होतं. हापशाला हळदकुंकू, खाली पांढरी बादली आणि बादलीमागे शिळफाट्याहून आलेला कोंडाजी महाराज. कपाळभर शेंदूर, खिशात दोन मोबाईल. एकावर देवीचा फोन येत असावा.

“ही पाताळातली गंगा हाय!” कोंडाजी गरजला. “माय खाली बसून समदं बघते! जिनं लेकरू खाल्लं, तिच्या हाताखाली पानी काळं पडंल. आन् ती आजच्या आज गावाबाहेर जाईल!”

प्रत्येकीसाठी बादली नव्यानं भरली जात होती. इंदूबाईनं हात बुडवला, पाणी निवळशंख. सून नम्रतानं, चिमीच्या आईनं, बुडवला, तरी तसंच. नम्रता चिमी गेल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. हात तसाच ओला सोडून ती बाजूला जाऊन बसली.

मग शेजारच्या सोनाबाईची पाळी आली. एकटी बाई. हिरडा कुटून दंतमंजन करायची आणि डोंगर चढून माथेरानला विकायची. कुटता कुटताच तिला ओढून आणलं होतं. तिनं दोन्ही हात पाण्यात घातले. आधी जांभळट रेघा सुटल्या, मग त्या पसरल्या, आणि बघता बघता बादलीत दौत सांडल्यासारखं झालं.

गर्दीनं श्वास ओढला. “हीच! हीच ती!”

चिमीचा बाप मनोज पुढे धावला, त्यानं सोनाबाईचा दंड धरला. कुणीतरी दगड उचलला. सोनाबाई मात्र आपल्या तळव्यांकडे बघत राहिली, जणू ते दुसऱ्याच कुणाचे हात होते.

“थांबा! आधी तिला सोडा,” वरच्या वाटेनं आवाज आला.

मघापासून वरून सगळं बघत असलेली अपेक्षा उतरत होती. खालापूरकडच्या बौद्धवाडीतली लेक. दगडातून पाण्यात कोणते धातू उतरतात, यावर तिचं संशोधन. झरे, विहिरी, हापसे, सगळीकडचं पाणी बाटल्यांत भरून न्यायची, म्हणून गाव तिला ‘बाटलीवाली’ म्हणायचं.

“तुमी लोक देव मानत नाय,” कोंडाजी गुरकावला. “तू कशाला मधी पडते?”

“देवाबद्दल मी बोललेच नाही, महाराज. मी पाण्याबद्दल बोलतेय. पोलिसांना फोन केलाय, ते येईपर्यंत एक बादली माझ्यासाठी भरा. आणि कुणीतरी विहिरीचं पाणी आणा.”

विहिरीचं पाणी आलं. सोनाबाईनं हात बुडवले. पाणी थोडं पिवळट झालं, काळं झालं नाही. लोक एकमेकांकडे बघू लागले.

“देवी विहिरीत नसते!” कोंडाजी म्हणाला.

“बरं. मग हापशातच बघू.” अपेक्षानं सोनाबाईच्या पदराला लागलेली हिरड्याची पूड चिमटीत घेतली आणि इंदूबाईकडे वळली. “आजी, तुमचं पाणी मघाशी निवळ निघालं ना? द्या हात.”

तिनं ती पूड इंदूबाईच्या तळव्यावर चोळली. इंदूबाईनं हात हापशाच्या पाण्यात घातला आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा बोटांभोवती तीच जांभळी रेघ फिरत होती, तोच काळोख दाटत होता.

“आता काय म्हणायचं?” अपेक्षानं विचारलं. “आजीनं नातीला खाल्लं?”

इंदूबाईनं हात झटकन बादलीतून ओढून घेतला.

“या डोंगराच्या दगडात लोखंड आहे,” अपेक्षा सांगू लागली. “खोल पाणी दगडाशी वर्षानुवर्षं लागून राहतं, तिथं हवा नाही, म्हणून लोखंड त्यात विरघळून राहतं. दिसत नाही. उघड्या विहिरीत ते टिकत नाही. वर आलं, हिरड्याचा तुरटपणा मिळाला, हवा लागली, की शाई होते. चहातही तसाच तुरटपणा असतो. तुमचा चहा रोज काळा होतो, म्हणून चहाच्या पातेल्याला कुणी चेटकीण म्हटलं का?”

मागची बाई हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला.

“महाराज, तुम्हीही हिरडा चोळून बघा.”

कोंडाजीनं हात पाठीमागे घेतले. “माज्या हाताला मंत्र हाय, बाटवू नको.”

“घाल की रं हात!” गर्दीतून आवाज आला. “आमच्या बायांना घालायला लावला, तवा नाय बाटला?”

“दगडाला पाप कळत नाही,” अपेक्षा म्हणाली. “कोण गुन्हेगार ते पाणी सांगत नाही. आपल्यात काय मिसळलं, एवढंच सांगतं. बाकीचं आपण शोधायचं असतं, विचारायचं असतं. विचारायला भीती वाटते, म्हणून असल्यांचं फावतं.”

मनोजचा हात सोनाबाईच्या दंडावरून गळून पडला. तो सगळ्यांकडे बघत म्हणाला, “मग माजी पोर कशानं गेली?”

कुणी हापशाकडे बघितलं, कुणी डोंगराकडे. इंदूबाईनं काळा पडलेला हात पदरात लपवला. चिमीच्या घोट्यापाशी सुईच्या टोकाएवढे दोन ठिपके तिनं त्या पहाटे बघितले होते. बघून चादर ओढली होती. कोंडाजीला बोलवा, असं तीच म्हणाली होती.

नम्रता उठली. इतक्या दिवसांत न वापरलेला तिचा आवाज चिरका निघाला.

“तिला पान लागलं होतं. जमिनीवर झोपली होती, साप चावला. पापन्या उघडत नव्हत्या तिच्या, मला सांगत होती, आई, दिसत नाय गं. एकटी सोनाबाई वरडत होती, टेंपो काढा, कर्जतच्या दवाखान्यात न्या. म्हनून तर हा महाराज हिच्यावर उठला.” तिनं कोंडाजीकडे बघितलंसुद्धा नाही. ती नवऱ्याकडे बघत होती, सासूकडे, सगळ्या गावाकडे.

“अंगारा लावत बसलो आपन. दिवस वर आला तरी लावतच बसलो. चिमीला कुनी खाल्लं नाय. आपन तिला दवाखान्यात नेलं नाय. आपन मारली तिला.”