मशीन लावून गायलेले धवले

मोहने गावच्या मनुबाईंना एका लग्नात धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाता गाता छातीत धडधडलं आणि घेरी आली. हृदयाच्या नळीत स्टेंट बसून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मनुबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून त्यांचाच आवाज हवा असतो, आणि माघात तर नात मेघालीचंच लग्न होतं. डॉक्टर म्हणाले, "ठोके बिघडतात का ते बघू. एक दिवस-रात्र छातीला मशीन लावा आणि रोज करता ते सगळं करा. मग गायचं की नाही ते ठरवू."

मनुबाईंनी मशीन लावून घेतलं आणि जी अंथरुणाला पाठ टेकली, ती मशीन निघाल्यावरच उचलली. एरवी सुनेच्या स्वयंपाकात खोट काढल्याशिवाय घास न उतरणारी ही बाई, त्या दिवशी अळणी कालवणही मुकाट जेवली. राग आला तर मशीन चुगली करायचं! रिपोर्ट अर्थातच चांगला आला. म्हातारीला वाटलं, परीक्षा पास झालो.

सून अक्षदाला मात्र ते पटेना. घेरी आलेल्या सासूला तिनंच सावरलं होतं. तिनं डॉक्टरांना सांगून टाकलं, "सर, आई त्या दिवशी नुसत्या पडून होत्या."

"मग पुन्हा लावू. या वेळी त्यांना गाऊ दे."

घरी येताच मनुबाई उसळल्या. "लगीन नसताना धवलं कोन गातं गो? देव कोपंल!"

अक्षदानं कॅलेंडर पुढे केलं. तुळशीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं, आणि तेही लग्नच. म्हातारीला नाही म्हणायला जागाच उरली नाही.

तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी मशीन लावून अंगणात मनुबाई आधी चाचपडत गायल्या. मग आवाज तापला आणि मशीनचा विसर पडला. तेलाचा धवला झाला, हळदीचा झाला, मांडवाचा झाला. कपाळावर घाम फुटला तसं अक्षदानं "पुरे आई" म्हटलं, तर त्यांनी हातानंच तिला गप्प केलं. शेवटचा धवला संपवून त्या वृंदावनाला धरून खाली बसल्या. अक्षदाला स्वतःचाच संताप आला. ही अक्कल आपल्याला सुचलीच कशाला?

रिपोर्टात नेमकी गाण्याच्या वेळी ठोक्यांची घडी पार विस्कटली होती. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं कळलं. हे धोक्याचं आहे. औषध सुरू करू, पुढच्या तपासण्या करू. पण गाणं बंद. नातीच्या लग्नातही नाही."

ऐकून मेघाली रडायलाच लागली. "आजी, सगळ्या गावाला गायलीस, आणि मलाच नाही?"

"रडतंस कशाला?" मनुबाई म्हणाल्या. "त्या दिवशी तुलशीचं नाव मी घेतलंच नाय. नवरी म्हनून तुजंच नाव घेतलं. तुजं धवलं गाऊन जालं, बाय."

त्या गात होत्या तेव्हा अक्षदा त्यांच्या शेजारीच उभी होती. तिनं नाव ऐकलंच नव्हतं. तिचं सगळं लक्ष मशीनच्या दिव्याकडे होतं.