तपस्वी माशाचा उपास

चौऱ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात निपाणीत पाण्याची बोंब होती. पण मत्स्यमहाराजांच्या काचेच्या पेटीत पाणी तुडुंब होतं आणि ते बघायला गाव लोटला होता. बाजारामागच्या एका रिकाम्या तंबाखूच्या वखारीत महाराजांनी ठाण मांडलं होतं. बोरगाव, अक्कोळपासून माणसं येत होती. दारात चपलांचा ढीग, आत उदबत्तीचा धूर आणि मधोमध लाल कापडानं मढवलेल्या टेबलावर ती पेटी. तळाला पांढरी वाळू, कोपऱ्यातून वर येणारे बुडबुडे, आणि वाळूवर बोटभर लांबीचा, मोठ्या तोंडाचा एक फिकट मासा.

मासा वाळूत तोंड खुपसायचा, तोंडभर वाळू उचलायचा आणि कल्ल्यांतून ती भुरुभुरु सोडून द्यायचा. एवढंच. पण एवढ्यावर गर्दी आ वासायची.

"हा मासा नव्हे, बालकांनो!" महाराज गर्जायचे. "हे सातशे वर्षांचे ऋषी आहेत! अन्नाला शिवत नाहीत. वाळूतून तुमचे रोग प्राशन करतात आणि वाळू शुद्ध करून परत देतात. पाणी चाखा. खारट आहे ना? तुमची दुःखं बघून ऋषी रडतात!"

लोक बोट बुडवून चाखत. पाणी खारटच. मग माना डोलत. सातशे वर्षं रडूनही पेटी उतू कशी गेली नाही, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

रोग्यानं चिमूटभर वाळू अंगावरून उतरून पेटीत टाकायची, डोळे मिटून नाव घ्यायचं आणि जाताना 'शुद्ध' वाळूची पुडी न्यायची. रोज पाण्यातून घ्यायची. अट एकच : दवाखान्याची सुई टोचून घेतली की ऋषी रुसतात.

ही अट जयाबाईंच्या घरात शिरली, ती अशी. जयाबाई हायस्कुलात विज्ञान शिकवायच्या. बेळगावात बीएस्सी झालेल्या. त्यांची आई सुलाबाई हिनं तीस वर्षं वखारीत तंबाखू चाळून लेकीला शिकवलं होतं. त्या धुरळ्यात छाती आधीच खिळखिळी झालेली, त्यात यंदा टीबी निघाला. रोज एक सुई आणि गोळ्या, असं चाललं होतं. निदान जयाबाईंना तसं वाटत होतं.

एके दिवशी बाजारात दवाखान्यातले कंपाउंडर मारुतीराव भेटले. म्हणाले, "बाई, आई कुठं गावाला गेल्यात काय? सोळा दिस झालं, सुईला आल्या न्हाईत."

जयाबाईंनी तडक घर गाठलं आणि आईला धरलं.

"सुईला जाते म्हणून रोज सकाळी कुठं जातीस गं आई?"

सुलाबाई पदराशी चाळा करत राहिली. मग एकदम उसळली. "सुईनं डोस्कं गरगरतंय. कानात घंट्या वाजत्यात. वाळूनं न्हाय वाजत!"

"मग डॉक्टरला सांगायचं न्हाईस?"

"कवा सांगू? मान वर करून बघतोय काय त्यो? महाराज हातात हात घेऊन इचारतात, कसं हाय म्हणून."

आईला जयाबाईंनी तरी कुठं विचारलं होतं?

सुईला यायला आई काही केल्या तयार होईना, तेव्हा दुसऱ्या दिवशी जयाबाईच आईबरोबर वखारीत गेल्या. सगळ्यांनी डोळे मिटले तेव्हा त्यांनी उघडे ठेवले. कुणी वाळू टाको न टाको, मासा आपला सारखा तोंड मारतच होता. पोट खपाटीला गेलेलं. पाठीवरच्या पराला दोन काळे ठिपके. जयाबाईंनी वहीत चित्र काढून घेतलं. कॉलेजच्या सहलीत कारवारच्या किनाऱ्यावर उथळ पाण्यात असे मासे त्यांनी पाहिले होते.

अमावस्येला महाराज तीन दिवस 'एकांतात' गेले. परतले तेव्हा ऋषी गुबगुबीत! "भक्तांचे रोग पचवून पुष्ट झाले," महाराज म्हणाले. जयाबाईंनी ठिपके मोजले. तीन भरले.

एकादशीला गर्दी दारात मावेना. जयाबाई आईला घेऊन पुढं सरकल्या. मुठीत भिजवलेला जवळा, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, होता.

"महाराज, ऋषी अन्नाला शिवत न्हाईत, हे खरं?"

"त्रिवार सत्य!"

"मग हे शिवायचे न्हाईत. तुमचाच मान वाढंल." आणि महाराजांचा हात पुढं यायच्या आत त्यांनी मूठ पेटीत सोडली.

ऋषींनी झेप घेतली. वाळूसकट जवळा तोंडात गेला. कल्ल्यांतून वाळू बाहेर आली, जवळा काही आला नाही. पुन्हा झेप, पुन्हा तेच. मग मागून मष्णू हमालाचा आवाज आला, "आयला, एकादशीला जवळा हाणला की ऋषींनी!"

हशा उसळला. महाराज ओरडले, "लीला आहे ही! ऋषी भक्ताचं मन मोडत नाहीत!"

"मग ऋषी आहेत तरी किती?" जयाबाईंनी वही उघडून दाखवली. "अमावस्येच्या आधी दोन ठिपके, आता तीन. हा दुसरा मासा हाय. समुद्रातला हाय, म्हणून पाणी खारट. वाळूतले बारीक किडे खातोय आणि वाळू टाकून देतोय. पेटीतले किडे संपले, की उपाशी मरतोय. मग महाराज एकांतात जाऊन दुसरा आणतात."

सुलाबाई काचेला नाक लावून बघत होती. हळूच म्हणाली, "म्हंजे आमच्यागत चाळतोय गं ह्यो. धूळ खाली, माल वर."

भोवतीच्या तंबाखू चाळणाऱ्या बायकांना ते जयाबाईंच्या धड्याहून लवकर कळलं. त्यांतली अक्काताई वाकली आणि तिनं टेबलाचं लाल कापड वर केलं. खाली समुद्राच्या पाण्याचे कॅन, बॅटरीवर घुरघुरणारा हवेचा पंप आणि एका डब्यात आणखी दोन ऋषी, राखीव.

बायका डबा पुढंमागं फिरवून बघत होत्या, तेवढ्यात महाराज मागच्या दारानं निसटले. पुड्या राहिल्या, पादुकाही राहिल्या.

घरी येताना सुलाबाई रडली. "येडी झालते गं मी."

"येडी न्हाईस. तुझं कुणी ऐकलं न्हाई. मीबी न्हाई."

सकाळी दोघी दवाखान्यात गेल्या. जयाबाईंनी डॉक्टरला मान वर करायला लावली आणि सुलाबाईनं कानातल्या घंट्या सांगितल्या. डॉक्टर चपापला. "हे आधी सांगायला हवं होतं," म्हणाला. मग केसपेपर पुढं ओढत, "मीही विचारायला हवं होतं." त्या सुईनं कान जाऊ शकतो, म्हणून त्यानं ती बंद करून दुसरं औषध लिहिलं. उपचार लांबला, डावा कान जरा मंद झाला तो कायमचाच. पण सुलाबाई जगली.

त्या वखारीतून पुड्या नेलेल्या किती जणांनी चुकवलेल्या सुयांची किंमत याहून जास्त मोजली, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

डॉक्टरही चुकतो. पण त्याला चूक दाखवली तर तो औषध बदलतो. महाराजाला दाखवली तर तो गाव बदलतो. म्हणून बाबांनो, बायांनो, हात जोडून सांगणं एवढंच : जिथं डोळे मिटायला सांगतात, तिथं ते उघडे ठेवा. आणि दुखतंय कुठं, ते जो तपासून बघेल त्यालाच सांगा.