वेड्या बाभळीच्या शेंगा

आमच्या फार्महाऊसला शेळगावचे लोक ‘विजयसिंहाचं जंगल’ म्हणायचे, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

कारखान्याच्या शेतकी खात्यातून निवृत्त झाल्यावर ह्यांनी तिथल्या माळावर अडीच एकर घेतलं. काटेवाडीला घर आहे, पाण्याखालचा ऊस आहे, तरी माळरान घेतलं, कारण हौसेला मोल नसतं. एक खोली बांधली, पुढं पत्र्याची पडवी काढली, केशर आंब्याची रोपं लावली. “जन्म उसात गेला, आता म्हातारपण आंब्यात घालायचं हाय,” असं म्हणून स्वतःच हसले. मीही हसले. रोप लावताना ह्यांच्या अंगात पंचविशीतला पोरगा शिरायचा.

दुसऱ्या वर्षी ह्यांना झटका आला आणि डावी बाजू गेली. पाय काठीच्या आधारानं परत आला, हात नाही आला. पण खरं सांगते, हाताचं मला एवढं नव्हतं. माणूसच परत आला नाही, त्याचं होतं. सकाळी खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं की हे जेवायलाच उठायचे. डॉक्टरांनी मुठीत दाबायला दिलेला रबरी चेंडू कॉटखाली धूळ खात पडला. चहा घेता का, तर “असू दे.” पुण्याहून उत्कर्षाचा फोन आलाय, बोला लेकीशी, तर “असू दे.” मी मुळात तापट. भांडून पाहिलं, पण भांडायलाही समोर कुणीतरी लागतं. एकटीनं किती भांडणार?

माळाकडं दोन-तीन वर्षं कुणी फिरकलं नाही. खाली गाजरगवत, मधे घाणेरी आणि वर वेडी बाभूळ असं रान माजलं. पडवीचा पत्रा तेवढा रस्त्यावरून दिसायचा.

वैशाखात पुतण्या ऋषिराज आला. पोरगा गुणी आहे, पण बोलताना गाडी कायम टॉप गेअरमध्ये.

“काकी, मी रान बघून आलो. उद्या जेसीबी घालू. दुपारपर्यंत भुईसपाट.”

“दुसरं काही करता येत न्हाय का?”

“येतंय की. काडी लावू. पण शेजाऱ्याचा ऊस हाय, ठिणगी उडली तर आपल्या नावानं शंख. न्हायतर तणनाशक मारू. गवत जाईल, बाभळीला काय होत न्हाय. जेसीबीच बरा.”

मलाही पटलं. साफ करून, कुंपण घालून, विकून टाकावं असंही मनात येऊन गेलं. निव्वळ विचारल्यासारखं करायचं म्हणून मी खिडकीजवळ गेले.

“अहो, उद्या शेळगावच्या रानात जेसीबी घालतोय ऋषी.”

ह्यांनी मान वळवली. कित्येक महिन्यांनी मी बोलल्यावर मान वळली होती.

“आंबं?” हे म्हणाले.

“काका, त्यात आंबं कुठलं राहिल्यात आता?” ऋषिराज म्हणाला.

ह्यांनी त्याच्याकडं पाहिलंच नाही. जीभ अजून जड होती, शब्द चाचपडत यायचे. “गेणूला... बोलीव,” मला म्हणाले.

गेणू वरकुट्याचा धनगर. माझे सासरे होते तेव्हा दर उन्हाळ्यात त्याच्या बापाची मेंढरं आमच्या काटेवाडीच्या रानात बसायची. रात्री मेंढरं रानात बसवायची म्हणजे लेंडीखत आपसूक पडतं. बदल्यात धनगराला धान्य द्यायचं आणि संध्याकाळची भाकरी-कालवण घरचं. आता गेणूचा पोरगा नागेश बारामतीत टेम्पो चालवतो, मेंढरं पहिल्याच्या मानानं मूठभर उरलीत, पण गेणू आणि त्याची बायको सारजा यांनी कळप मोडला नाही.

“काकी, मेंढरं पंधरा-वीस दिवस खातील!” ऋषिराज कळवळून म्हणाला. “आणि खोडं तशीच राहणार. ती शेवटी कापावीच लागणार.”

“लागू देत पंधरा दिवस. माझी कुठं गाडी चुकतीया?”

त्याला काय कळणार, मला रान नकोच होतं. मला माणूस हवा होता, आणि त्या माणसानं आज काहीतरी मागितलं होतं. हत्ती मागितला असता तरी मी आणला असता.

आम्ही दोघं शेळगावला राहायलाच गेलो. ऋषिराजनं कोयत्यानं खोलीपर्यंत वाट काढून दिली. गेणू मेंढरं आणि दोन-चार शेरडं घेऊन बांधाशी आला आणि तिथंच थांबला.

“चला विजयराव, हद्द दावा.”

“गेणूतात्या, त्यांना चालवत न्हाय,” मी म्हटलं. “मी दावते.”

“न्हाय वैनी. मालकानं हद्द दावल्याबगार आमी दुसऱ्याच्या रानात मेंढरू घालत न्हाय. माझ्या बाला तुमच्या सासऱ्यानं दावली व्हती. आता ह्यांनी दावायची.”

मला असा राग आला म्हणता! आजारी माणसाला उन्हात फिरवायचं? पण हे उठले होते. काठी टेकत, डावा पाय ओढत, गेणूच्या बरोबरीनं निघाले. बांधावर थांबायचे, काठीनं कोपरा दाखवायचे, पुढं जायचे. पूर्ण फेरी मारून घामाघूम होऊन आले आणि पडवीतल्या खुर्चीत बसून म्हणाले, “पाणी.” ह्यांनी स्वतःहून काही मागितलं होतं, हे नंतर ध्यानात आलं.

पहिल्याच सकाळी ते घडलं. वैशाखात वेड्या बाभळीच्या शेंगा पिकून पिवळ्या पडतात आणि झाडाखाली सडा होतो. सारजा शिंदोळ्याचा फडा घेऊन शेंगा झाडत होती, गोळा करून पोत्यात भरत होती. मेंढरं शेंगांवर तुटून पडायला बघत होती आणि ती त्यांना हाकलत होती. मी चुलीपाशी भाकरी थापत होते. तेवढ्यात पडवीतून खणखणीत आवाज आला.

“सारजा, शेंगा ऱ्हाऊ दे. खाऊ दे मेंढरास्नी, गोड लागत्यात!”

सारजा थबकली. तिनं गेणूकडं बघितलं, गेणूनं ह्यांच्याकडं. मग गेणू हसला आणि मान हलवून म्हणाला, “मालक म्हणतायत न्हवं? ऱ्हाऊ दे.”

मी मात्र परातीवरून उठू शकले नाही. झटका आल्यापासून ह्यांच्या तोंडून एवढं लांब, सलग बोलणं मी ऐकलं नव्हतं. मधे शब्द अडकला नाही, जीभ अडखळली नाही. पिठाच्या हातानंच डोळे पुसले, डोळ्यात पीठ गेलं आणि मग रडायला आणखी निमित्त मिळालं. भाकरी करपली. ती मीच खाल्ली आणि सांगते, गोड लागली.

मेंढरं गवत खात पुढं सरकायची. गेणू आकडीनं वरच्या फांद्या ओढून शेरडांना पाला पाडून द्यायचा, घाणेरी कुऱ्हाडीनं तोडायचा. जंगल खालून वर उघडं पडत गेलं. एका दुपारी गेणूनं हाळी दिली, “विजयराव, हितं काय सापडलंय बघा!” हे काठी घेऊन निघालेसुद्धा. काटेरी जाळीच्या पोटात एक आंबा उभा होता, कमरेएवढा, वाळका, पण शेंड्याला तांबूस कोवळी पानं. जाळीनंच त्याला राखलं होतं. जेसीबीच्या दातात तो कधीच गेला असता.

“ऋषीला फोन लाव,” हे म्हणाले. “म्हणावं, आंबा हाय.”

मग हा रोजचा उद्योगच झाला. आंबा सापडला की हे जायचे, गेणूकडून त्याच्याभोवती काट्याची वई करून घ्यायचे, म्हणजे शेरडं तोंड लावणार नाहीत. मेलेले जास्त निघाले, जगलेले थोडे. पण प्रत्येक जगलेल्याची खबर उत्कर्षाला जायची, आणि ती ह्यांच्याच तोंडून. संध्याकाळी हे, गेणू आणि सारजा पडवीत जेवायला बसले की मी वाढायची आणि ह्यांचं बोलणं ऐकायची. गेणूची एक शेळी ह्यांची काठी चाटायची, तिला हे शिव्या द्यायचे. शिव्यासुद्धा किती दिवसांनी ऐकल्या!

मेंढरं गेल्यावर ऋषिराजनं माणसं लावून खोडं कापून घेतली. बांधावरची बाभूळ मात्र ह्यांनी कापू दिली नाही. “कुंपणाला हुईल,” म्हणाले. रान मोकळं झालं. आम्ही काटेवाडीला परतलो, आणि ह्यांनी आल्या आल्या खिडकीजवळची खुर्ची धरली.

पाऊस झाला. श्रावणात एक दिवस आंब्यांना आळी करायला म्हणून आम्ही शेळगावला गेलो, आणि बांधावरच माझे पाय खिळले.

सगळं रान वेड्या बाभळीच्या रोपांनी भरलं होतं. बोटभर, वीतभर, कोवळी, पोपटी रोपं. जिथं जिथं लेंडी पडली होती तिथं तिथं उगवण. पेरून आली नसती इतकी चांगली!

मी शेतकऱ्याची लेक. मेंढराच्या पोटातनं शेंगेचं बी जसंच्या तसं बाहेर पडतं आणि खतासकट रुजतं, हे मला कळायला हवं होतं. पण त्या दिवसांत माझं ध्यान रानावर होतं कुठं? गेणूला चांगलं खडसावायचं म्हणून मी फोन काढला, आणि नंबर लावता लावता सारजाचा फडा डोळ्यांपुढं आला. ती शेंगा झाडत होती. तिला कुणी थांबवलं होतं?

मी वळले. हे काठीवर दोन्ही हात ठेवून रानाकडं बघत होते. डावा हात उजव्यानं उचलून वर ठेवलेला.

“अहो, तीस वर्षं लोकांना शेतीचा सल्ला दिलात तुमी. हे असं हुणार, तुमाला ठावं हुतं?”

“व्हय.”

“आणि तरी म्हणालात ऱ्हाऊ दे?”

“व्हय.”

“का पण? येड लागलं हुतं का?”

ह्यांनी काठीच्या टोकानं एक रोप हलवून बघितलं. 

“द्वारके, रान साफ झालं की तू मला परत खिडकीत नेऊन ठिवणार. एकदा का हितलं काम सरलं, की माझं काय काम?” मग रोपांकडं हात करून म्हणाले, “आता सरत न्हाय.”

माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही. माणूस मला परत हवा होता, आणि माणसाला परत यायला जागा हवी होती. त्यानं ती माझ्या नकळत पेरून ठेवली होती. मी तिथं बांधावर बसून मनसोक्त रडले आणि वर त्यांनाच बोलले, “आधी सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं का तुमाला?”

“खाल्लंच असतंस,” हे म्हणाले.

खोलीतून मी दोन खुरपी आणली. ह्यांना पोत्यावर बसवलं. उजव्या हातानं हे खुरपं मारायचे, माती सैल झाली की मी रोप उपटायची. थोड्या वेळानं त्यांनी मला थांबवलं. डावा हात मांडीवरून घसरवत रोपाशी नेला. अंगठा आणि एक बोट, दोन्ही थरथरत, कोवळ्या देठाभोवती आले, सुटले, परत आले. मला हात लावायचा मोह होत होता. मी पदर तोंडात धरून बसले. रोप मुळासकट वर आलं.

तेव्हापासून आठवड्यातले चार दिवस आम्ही शेळगावला असतो. हाताचं म्हणाल तर चहाचा कप अजून धरवत नाही, पण शर्टाचं बटण लावतात. रबरी चेंडू मी नातवाला देऊन टाकला. आंब्यांच्या ओळी आता रस्त्यावरून दिसतात, आणि खुरपून खुरपून रान असं झालंय की शेजारी बघायला येतात. पुढच्या मोसमात खुरपायला काही उरणार नाही, असं ऋषिराज कौतुकानं म्हणाला.

यंदा वैशाखात गेणू पुन्हा मेंढरं घेऊन आला. ह्यांनी हद्द दाखवली. ह्या वेळी गेणूच मागं राहिला. सकाळी हे आंब्याच्या आळ्याशी वाकलेले होते. बांधावरच्या बाभळीखाली पिवळ्या शेंगांचा सडा पडला होता. सारजानं फडा उचलला.

“वैनी, मागच्या खेपंला लई ताप झाला तुमाला. औंदा आधीच झाडून घिते.”

मी वळून ह्यांच्याकडं पाहिलं. त्यांचं लक्ष नव्हतं. डाव्या हातानं आळ्यातली माती सारखी करत होते.

“ऱ्हाऊ दे गं सारजा,” मी म्हटलं. “खाऊ दे मेंढरास्नी.”