चिंचोक्यांचा दंड

दयाबाईंनी घायपाताचा कुंचला गेरूच्या मडक्यात बुडवला आणि भिंतीवरच्या पोपटाला तिसऱ्यांदा शेपूट काढलं. आधीची दोन शेपटं ओल्या चुन्यावरून ओघळत जमिनीला टेकली होती. हात खांद्यापासून भरून आला होता.

"ह्यो पोपट हाय व्हय?" उंबऱ्यावर बसलेली लंकाबाई म्हणाली. "मला वाटलं, वांगं टांगलंय. आन् तांबडा पोपट कुठं असतोय, बाई?"

"हिरवा रंग सगळा नगरच्या लष्करी गाड्यांना लागला, लंकाबाई. लढाई संपेपर्यंत पोपट तांबडेच राहायचे."

लंकाबाई शेजारीच राहायची. खोलीला चुना लागायला लागल्यापासून तिनं हा उंबरा सोडला नव्हता. काम मात्र बोटाएवढंही केलं नव्हतं. गावाला एवढी करमणूक फार दिवसांत मिळाली नव्हती, त्यातही तिचाच पहिला मान होता.

कारण खोली साधीसुधी नव्हती. तो गावचा कोंडवाडा होता. पिकात शिरलेली, चुकार झालेली गुरं इथं कोंडायची आणि मालकानं दंड भरून सोडवून न्यायची, असं पिढ्यानपिढ्या चाललं होतं. मग सरकारनं कोंडवाडा मोडला आणि मिशननं ती जागा बालवर्गासाठी मागून घेतली. खोली, पुढं अंगण, अंगणाला दगडी गडगा आणि एक फाटक. वास इतका मुरलेला, की चुन्याचे दोन हात दिल्यावरही भिंतीला कान लावला तर आत रवंथ ऐकू येतो म्हणत. कान लावून पाहिलेली माणसंही गावात निघत.

दयाबाईंनी आठवडाभर शेण खरवडलं होतं. रॉकेलचे डबे कापून, धारा ठोकून बोथट करून खुंट्यांना टांगले होते. एकात भिजवून भोकं पाडलेले चिंचोके, एकात सागरगोटे, एकात कणसांची बुरकुंडं. नगरच्या लष्करी डेपोतून फेकलेलं एक खोकं आडवं करून त्याचं फडताळ केलं होतं आणि त्यावरची इंग्रजी अक्षरं झाकायला एक हत्ती काढला होता. बसायला गोणपाटं शिवून अंथरली होती. कागद तर औषधालाही मिळत नव्हता, म्हणून जोंधळ्याची पानं हळदीत बुडवून त्यांचं लांबलचक तोरण दारापासून मागच्या भिंतीपर्यंत बांधलं होतं.

"झ्याक झालंय," लंकाबाई उठत म्हणाली. "पर पोरं येनार न्हाईत."

"का?"

"बाया म्हनत्यात, पोर कोंडवाड्यात घातलं तर सोडवाया दंड भरावा लागंल. आन् माजी गोजर तर गाय राखती. ती हितं बसल्यावर गाय कोन राखंल? तुमचा पोपट?"

दयाबाई हसल्या नाहीत. नवरा गेल्यापासून त्या कर्जतला भावाकडे होत्या. भाऊ बोलत नसे. भावजय भाकरी वाढताना तोंड दुसरीकडे फिरवायची. मिशनच्या शाळा बघणारे गिदोनराव हे काम देताना सरळ बोलले होते: "वर्ग उघडल्यावर पंधरवड्यानं येईन. पोरं दिसली तर बालवर्ग. नाही दिसली तर खोलीत कडबा भरतो, आणि तुम्ही कर्जतला."

सोमवारी त्यांनी फाटक उघडलं, थाळी वाजवली आणि गोणपाटावर बसून राहिल्या. रस्त्यावरून शेरडं गेली, त्यांच्यामागून पोरं गेली. कोणी आत वळलं नाही. मंगळवारी तेच. बुधवारी थाळी वाजवायचाही कंटाळा आला.

दुपारी फाटक करकरलं. दयाबाई पदर सावरून उठल्या. कारभारी आला होता, कोंडवाड्याचा जुना राखणदार. डोळ्यांनी अधू, कानांनी त्याहून अधू. त्याच्या हातातल्या दाव्याला एक तांबडी गाय होती.

"बाबा, कोंडवाडा मोडला! आता इथं शाळा आहे!"

"व्हय का," कारभारी म्हणाला. गाय आत ढकलून, फाटकाला कडी घालून तो निघूनही गेला.

गाय घरंदाज होती. तिनं दारातून मान आत घातली, पोपटाकडे पाहिलं, त्याची फारशी दखल घेतली नाही, आणि तोरण एका टोकाकडून एकेक पान करत खायला घेतलं. दयाबाईंनी शिंग धरून ओढून पाहिलं. गाईला ते कळलंसुद्धा नाही. दोन दिवस हळदीत खपून केलेली वैरण होती ती. गुरांच्या कोंडवाड्यात आपण वैरणच टांगली, हे त्यांना आता उमगलं. त्या उंबऱ्यावर बसल्या.

"खा बाई," त्या म्हणाल्या. "तू तरी आलीस."

थोड्या वेळानं एक पोर धापा टाकत फाटकावर चढली. नाकाला, डोळ्यांना एकच धार लागलेली. लंकाबाईची नात, गोजर.

"कपिली हाय का हितं? माजा डोळा लागला हुता... आजी मारंल मला. सोडा की तिला. किती भरायचं?"

काही भरायचं नाही, असं दयाबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पोरीची नजर गाईवर नव्हती. ती डब्यांवर होती.

"दंड आहे," दयाबाई म्हणाल्या. "चिंचोक्यांची एक माळ ओवायची. मग गाय ने."

गोजरीनं गाय अंगणातल्या खुंटाला बांधली, घागऱ्याला हात पुसले आणि डब्यासमोर बसली. तिचं नाक आपोआप थांबलं. माळ पुरी झाली. तिनं ती उजेडात धरून पाहिली, मग गाठ सोडून सगळे चिंचोके पुन्हा मांडीत ओतले.

"चुकली," ती म्हणाली.

चुकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कारभारी दोन गाई आणि एक रेडकू घेऊन आला. दयाबाईंनी पुन्हा ओरडून सांगितलं, तो पुन्हा "व्हय का" म्हणाला. मागून तिघं रडत आली आणि रडायचं विसरून बसली. त्यानंतर गावच्या गुरांना काय झालं होतं कोण जाणे. अशी चुकार व्हायला लागली, की माळावर दगडांनासुद्धा सोबत उरेना. आठवड्याभरात रडणं बंद झालं. मग पोरं गुरांच्या आधीच यायला लागली, काखेत गवताचा भारा घेऊन. कोणी ओढ्याची चिकणमाती आणली. फडताळावर मातीचे बैल उभे राहिले, एकाला तर पाच पाय होते. पोपटाशेजारी गेरूचे पंजे उमटले. तोरण दयाबाई रोज बांधत आणि ते रोज कमी होई.

सांज झाली की त्यांच्या कमरेत कळ भरायची. शेण उचलायला मात्र लंकाबाई टोपली घेऊन हजर.

"गोवऱ्यांची सोय झाली," ती म्हणाली. "गोजर काय, बसंना का हितं. गाय तर डोळ्यासमोर हाय."

पंधरवड्यानं गिदोनराव सायकलवरून आले. फाटकातून आत टाकलेलं त्यांचं पहिलंच पाऊल नको तिथं पडलं.

"सलाम, दयाबाई. हा बालवर्ग आहे की गोठा?"

दयाबाईंनी हात पदराला पुसले. "मोजून घ्या, भाऊ," त्या म्हणाल्या. "चार पायांची सोडून."

गिदोनराव दारात उभे राहिले. आत कोणी वर पाहिलं नाही. सगळ्यांच्या माना हातातल्या कामावर. एका पोरानं तेवढं न बघताच, "उजेड सोडा की," म्हटलं. गिदोनराव बाजूला झाले. त्यांनी ओठ हलवत एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. मग फडताळावरचा पाच पायांचा बैल उचलून बराच वेळ फिरवून पाहिला आणि होता तसा ठेवला.

"मिशनला गाईंचं सांगू नका," बूट गडग्याला घासत ते म्हणाले. "मीही सांगत नाही. कडबा दुसरीकडं ठेवू."

सायकल गेली. पोरं गेली, गुरं गेली. दयाबाई उंबऱ्यावर टेकल्या; पाय लांब केले तेव्हा गुडघे वाजले. कारभारी फाटक ओढून घेत होता.

"कारभारीबाबा," त्या हाक मारून म्हणाल्या, पण या वेळी ओरडल्या नाहीत. "उद्या जरा मळ्याच्या अंगाला जा. तिकडची पोरं अजून आली नाहीत."

कारभारी थांबला. तोंड वळवलं नाही.

"कोंडवाडा तर मोडलाय म्हनं, बाई."

दयाबाईंना हसू आलं.

"मोडलाय," त्या म्हणाल्या. "तरी जा."