एका उशीला अठरा टेम्पो

अगं थांब, मधे बोलू नकोस, आधी नुसतं ऐक. परवा माझी नोकरी जाता जाता राहिली. म्हणजे गेली नाही, पण... ऐक ना!

आमचं काम तुला माहितीये. स्क्रीनवर चौकोन मांडायचे, बाणांनी जोडायचे, की दुकानाची कामं आपोआप पुढे सरकतात. मी गादीवाल्या काकांचं करून दिलं होतं. गिऱ्हाइकाची ऑर्डर आली की आमचं सॉफ्टवेअर टेम्पो कंपनीच्या सर्व्हिसला, म्हणजे त्यांच्या सॉफ्टवेअरला, विचारतं, 'एक टेम्पो पाठवता का?' तिकडून 'पाठवला' आलं की गिऱ्हाइकाला मेसेज. बस. आता उत्तरच नाही आलं तर? तर मी लिहिलेलं, दहा सेकंद थांब आणि परत विचार. उत्तर येईपर्यंत विचारत राहा. चिकाटी म्हणजे चिकाटी!

तर परवा सकाळी स्क्रीनवर लाल. परत लाल. सतरा वेळा लाल आणि अठराव्यांदा हिरवं! मी खुर्चीतच गिरकी घेतली. अक्काला बोलावून दाखवलं. अक्का म्हणजे आमची वरिष्ठ, अख्खं ऑफिस तिला अक्काच म्हणतं. ती म्हणाली, "शाब्बास, दम आहे हं तुझ्यात." आणि दुसऱ्याच दिवशी ती ठरवणार होती, मला कायम करायचं की नारळ द्यायचा. मग काय, मी हवेत!

अर्ध्या तासात काकांचा फोन. मागे नुसते हॉर्न.

"पोरी, माझं दुकान उचलून न्यायचा बेत आहे का तुझा?"

"काय झालं काका?"

"गल्लीत टेम्पोच टेम्पो! अठरा मोजले मी. आणि ऑर्डर कसली, तर एक उशी. तान्ह्या बाळाची! तळहाताएवढी!"

मागून कुणीतरी ओरडलं, "मी पहिला आलोय, उशी माझी!" लगेच दुसरा, "घे की मग, डोक्याखाली घे आणि झोप इथेच. नाहीतरी बाहेर कुठे निघता येतंय!"

झालं काय होतं, तर टेम्पोवाल्यांची सर्व्हिस त्या दिवशी गोगलगाय झालेली. टेम्पो ती दर वेळी पाठवत होती, फक्त 'पाठवला' म्हणायला दहा सेकंदांपेक्षा जास्त लावत होती. मला वाटलं तिला ऐकूच जात नाहीये, म्हणून मी आपली ओरडतेय!

पण खरी मेख पुढेच आहे. प्रत्येक ऑर्डरला आपण एक नंबर देतो. परत विचारताना तोच नंबर दिला की पलीकडच्याला कळतं, मागणी जुनीच आहे, दुसरा टेम्पो नको. आणि माझा नंबर काढायचा चौकोन होता त्या 'परत विचार'च्या फेऱ्याच्या आत! दर फेरीला नवा नंबर, म्हणजे नवा टेम्पो. अक्काने आठवड्यापूर्वीच सांगितलेलं, "तो चौकोन बाहेर काढ." मी 'काढला' म्हणाले होते. काढला नव्हता गं. जेवायला उठले, विसरले, आणि तिने विचारलं तेव्हा तोंडातून 'हो' निघून गेलं.

तेवढ्यात टेम्पो कंपनीच्या मॅनेजरचा फोन. अक्काने स्पीकरवर घेतला. तो बिचारा काकुळतीला आलेला. "ताई, माफ करा, चूक आमची. सर्व्हिस सकाळपासून रखडतेय. ती बघणाऱ्या माणसाला चांगलं झापलंय मी, उद्या त्याला दुसऱ्या कामावर टाकतो."

अक्का माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "चल, आपण सुटलो. रिपोर्टमध्ये लिही, सर्व्हिस हळू होती."

आणि तो चौकोन समोर स्क्रीनवर! माउसने नुसता सरकवायचा, दोन सेकंदांचं काम. कुत्र्यालासुद्धा कळलं नसतं. फोन अजून चालूच होता. मी डोळे मिटले आणि बोलून टाकलं, "सर, त्यांना झापू नका. सर्व्हिस हळू होती हे खरं, पण अठरा टेम्पो मी मागवले."

अक्काने फोन ठेवला. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. आम्ही दोघींनी चौकोन बाहेर काढला. तीन वेळा विचारून उत्तर नाही आलं तर थांबायचं आणि माणसाला कळवायचं, तेही घातलं. मग म्हणाली, "चूक चालते गं. 'काढला' म्हणालीस, ते लागलं मला." आणि काल सांगितलं, कायम नाही, अजून तीन महिने बघते.

आई म्हणते, शहाणी आहेस. दादा म्हणतो, शुद्ध बावळट, हातात आलेली नोकरी घालवतेस. काकांचं तर वेगळंच, त्यांनी त्या खोळंब्यात सहा ड्रायव्हरांना पाठीमागे घ्यायच्या उशा विकल्या, वर मलाच विचारतात, "परत कधी करतेस?"

हसू नकोस! खरं सांग, फोन चालू, अक्का समोर, माउस हातात. तू काय केलं असतंस?